मधुमेह आणि मनाचा निभाव : काही ऐतिहासिक टिपणे

नीरेच्या दक्षिण काठी, पुण्याहून साताऱ्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले शिरवळ हे प्रस्तुत लेखकाचे आजोळ. इतिहासाच्या अभ्यासकांस हे गाव सुभानमंगळ किल्ल्यामुळे व जवळच्या बौद्ध लेण्यांमुळे परिचित आहे. पण या लेखाचा विषय त्याहून अगदी वेगळा आहे. काही वर्षांपूर्वी येथील बोलीतील आजारपणाच्या शब्दांची टिपणे करीत असता एका वृद्ध बाईच्या तोंडचे वाक्य वहीत उतरले : ‘‘पोराच्या घोरानं साखर धरली बघा.’’ वाक्य साधे आहे, परंतु त्यात रोगाचे नाव, त्याचे कारण आणि तो जडण्याची रीत या तिन्ही गोष्टी पाच-सहा शब्दांत आल्या आहेत. चिंतेमुळे मधुमेह होतो, ही अडाणी समजूत आहे असे म्हणून हे वाक्य बाजूस सारणे सोपे होते. तसे केले नाही, कारण त्या समजुतीचा मागोवा घेऊ लागल्यावर ती फार दूरवर पोहोचते असे दिसून आले. मधुमेही माणूस आपला रोग व त्याबरोबरचा मनाचा ताण कसा वाहून नेतो, याचा इतिहास लिहावयाचा तर वैद्यकाच्या ग्रंथांबरोबर शब्दांकडेही पाहणे भाग आहे, एवढेच या टिपणांचे प्रयोजन.

प्रथम नावांचा विचार करू. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत : दहा कफज, सहा पित्तज व चार वातज. मधुमेह हा या शेवटच्या चारांपैकी एक. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात हे निरीक्षणही तेथेच नोंदलेले आहे. आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, वातज प्रमेहाची कारणे सांगताना निदानस्थानात उपवास, जागरण, वेगांचा अवरोध यांच्या पंक्तीला उद्वेग आणि शोक ही दोन कारणेही बसविली आहेत. शिरवळच्या बाईंचा ‘घोर’ तो हाच.

‘प्रमेह’ या शब्दाचा मराठीतील प्रवास मात्र दुर्दैवी झाला. त्याचा तद्भव ‘परमा’. मोल्सवर्थच्या कोशात त्याचा अर्थ पूयप्रमेह, म्हणजे एक गुप्तरोग, असा दिला आहे. मूळचा व्यापक शब्द लोकभाषेत एका लज्जास्पद विकारापुरता आकुंचित झाला आणि ज्याला खरोखर मधुमेह होता त्याच्यापाशी आपल्या रोगासाठी उघडपणे उच्चारता येईल असा घरगुती शब्द उरला नाही. ‘मधुमेह’ हा पंडितांचा शब्द. ‘गोड लघवी’ हे स्पष्टीकरण झाले, नाव नव्हे. रोग्याच्या मनावरील भाराचा विचार करणाऱ्यांनी ही गोष्ट दुर्लक्षू नये. ज्या रोगाचे नाव घेताना जीभ अडखळते तो रोग माणूस एकट्याने वाहतो.

पुढे ही उणीव भरून निघाली ती ‘साखर’ या शब्दाने, आणि अलीकडे ‘शुगर’ने. ‘मला साखर आहे’, ‘साखर वाढली’, ‘साखर उतरली’ हे प्रयोग आज सर्वत्र रूढ आहेत. यात एक विलक्षण विसंगती आहे. साताऱ्या-सांगलीच्या ऊसपट्ट्यात साखर म्हणजे बरकत. विवाहाचा निश्चय साखरपुड्याने होतो. शुभ वार्ता आणणाऱ्याच्या तोंडात साखर पडो असे आपण म्हणतो. संक्रांतीला तिळगूळ न घेणे म्हणजे जवळजवळ मैत्री नाकारणे. मंगलाचा शब्द व विकाराचा शब्द एकच. त्यामुळे पथ्य पाळणाऱ्या माणसाला नुसते जिभेला आवरून भागत नाही. प्रत्येक समारंभात त्याला मंगलाचे प्रतीक नाकारावे लागते, आणि नाकारण्याचे कारण दर वेळी सांगावे लागते. हळदीकुंकवास जाणे बंद केलेल्या दोन बायका प्रस्तुत लेखकास शिरवळातच भेटल्या. त्यांना पेढ्याचा मोह होत नव्हता. ‘एवढ्याने काय होतंय’ हे वाक्य पुन्हा ऐकण्याचा त्यांना कंटाळा आला होता.

सुश्रुताने प्रमेहाचे दोन भेद केले : जन्मजात आणि अपथ्यामुळे उद्भवणारा. चिकित्सेच्या प्रकरणात त्याने सांगितलेला एक उपाय मोठा बोधक आहे. धनवंतांसाठी कुस्ती, घोड्यावरची रपेट असे व्यायाम सांगून झाल्यावर, ज्याला धन नाही व आप्त नाहीत अशा रोग्याने काय करावे, या प्रश्नाकडे तो वळतो. अशाने अनवाणी, भिक्षेवर निर्वाह करीत, मुनीसारखे राहून शंभर योजने चालत जावे. किंवा विहीर खणावी. आधुनिक वाचकास यात व्यायामाचे महत्त्व तेवढे दिसते व ते बरोबरच आहे. परंतु निर्धन व आप्तहीन रोग्याला सुश्रुताने नुसती औषधी न देता एक व्रत, एक दिशा आणि एक काम नेमून दिले, हेही पाहिले पाहिजे. औषधाने भागत नाही तेथे आयुष्याची घडीच बदलावी लागते, हे त्याला ठाऊक होते.

पाश्चात्य वैद्यकाचा इतिहास येथे धावता सांगितला तरी पुरे. १६७४ साली टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने मधुमेह्याच्या मूत्राच्या गोडीची नोंद केली व दीर्घकाळचे दुःख हे या रोगाचे एक कारण मानले. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सनने ती गोडी साखरेचीच असल्याचे दाखविले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लोद बर्नारने मेंदूच्या तळाशी विशिष्ट ठिकाणी टोचल्यास जनावराच्या मूत्रात साखर उतरते हे प्रयोगाने सिद्ध केले. मग १९११ साली हार्वर्डचे वॉल्टर कॅनन व त्यांचे सहकारी यांनी भेदरलेल्या मांजरांच्या मूत्रात साखर आढळते असे प्रसिद्ध केले. भीतीने अधिवृक्क ग्रंथींचा स्राव वाढतो, यकृतातील साठा मोकळा होतो, रक्तातील साखर चढते. मनाचा क्षोभ आणि साखर यांचा संबंध आता सुभाषिताच्या कक्षेतून शरीरक्रियाशास्त्रात आला. मात्र कॅनन यांच्या मांजरांना मधुमेह झाला नव्हता; ती शांत झाली की साखरही नाहीशी होई. ताण मधुमेह निर्माण करतो असे यावरून सिद्ध होत नाही. असलेल्या मधुमेहाला तो चिथावतो, एवढे मात्र नि:संशय म्हणता येते. बाईंच्या वाक्यातील ‘धरली’ हे क्रियापद म्हणून थोडे जपून घ्यावयास हवे.

१९११ हे वर्ष आमच्या दृष्टीने आणखी एका कारणाने लक्षणीय आहे. कॅनन यांचा लेख ज्या वर्षी निघाला त्याच वर्षाच्या आरंभी, मंडालेच्या तुरुंगात, एक मधुमेही महाराष्ट्रीय कैदी एका प्रचंड ग्रंथाचा मसुदा पेन्सिलीने पुरा करीत होता. लोकमान्य टिळकांच्या चरित्राचा हा भाग मराठी वाचकांस तोंडपाठ आहे. परंतु तो रोग्याचे चरित्र म्हणून क्वचितच वाचला जातो.

२२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांस सहा वर्षे काळ्या पाण्याची व एक हजार रुपये दंडाची शिक्षा सांगितली. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण झाली. मधुमेह त्यांना त्यापूर्वीच जडला होता. काही आठवडे साबरमतीस ठेवून सप्टेंबरात त्यांना ब्रह्मदेशात मंडालेस नेले, आणि शिक्षा साध्या कैदेत बदलण्यात आली. त्या काळी मधुमेहावर आहारनियमनाखेरीज उपाय नव्हता. टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांच्या हाती इन्सुलिन लागले ते १९२१ साली, आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड टॉम्पसन या मुलाला त्याचे पहिले इंजेक्शन मिळाले. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. म्हणजे त्यांचा सारा रोगकाळ इन्सुलिनपूर्व युगातला आहे. तो प्रौढपणी जडला व इन्सुलिनवाचून बारा वर्षांहून अधिक काळ सोसला गेला, यावरून तो आज ज्याला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणतात त्यातला असावा, हे अनुमान सुरक्षित आहे.

मंडालेतील परिस्थिती रोगाला प्रतिकूल होती. लाकडी फळ्यांची कोठडी, उन्हाळ्यातील भयंकर उष्मा, परकी हवा, बोलावयास माणूस नाही. पण या चित्राची दुसरी बाजूही आहे, आणि चरित्रकारांनी ती नोंदली असली तरी तिच्यावर पुरेसा विचार केलेला दिसत नाही. स्वयंपाकासाठी कुलकर्णी नावाचा एक मराठी ब्राह्मण कैदी त्यांना मिळाला होता. मंडालेच्या दिनक्रमाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातील बरेचसे या माणसाने पुढे सांगितलेल्या आठवणींतून आलेले आहे. मधुमेहामुळे जेवणात सातूच्या पिठाला प्रमुख स्थान होते. सातू म्हणजे संस्कृतातील यव, आणि प्रमेह्याच्या आहारात चरकाने यवालाच अग्रस्थान दिले आहे, हा योगायोग संस्कृतज्ञ टिळकांच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही. घरून पुस्तके येत; त्यांची संख्या शेकड्यांत गेली. जर्मन, फ्रेंच, पाली यांचा अभ्यास चाले. भाचे धोंडोपंत विद्वांस यांच्याशी ठराविक काळाने पत्रव्यवहार होई, व त्यात प्रकृती, पुस्तके, मुलांचे शिक्षण, कज्जे असे सारे काही येई. १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्या’चा मसुदा लिहून झाला, ग्रंथ प्रसिद्ध झाला तो सुटकेनंतर, १९१५ साली.

या हकिकतीचा भाविक अर्थ असा लावला जातो की, स्थितप्रज्ञ पुरुषाने आत्मबलाच्या जोरावर रोगास नमविले. आम्हांस हा अर्थ मान्य नाही, आणि तो टिळकांच्या थोरवीस आवश्यकही नाही. मधुमेह नमला नाही. तो त्यांच्याबरोबर मंडालेस गेला आणि त्यांच्याबरोबर परत आला. तुरुंगात जे घडले ते याहून साधे, पण अनुकरणास अधिक सुलभ असे आहे. आहार बांधलेला, दिवस आखलेला, आणि त्या दिवसात करण्याजोगे मोठे काम. भोजन रांधणारा एक जण, पत्रे घेणारा व पुस्तके पाठविणारा एक जण. यांपैकी निदान निम्म्या गोष्टी माणसाच्या स्वभावात नसून त्याच्या भोवताली असतात. ‘गीतारहस्या’चे पाचवे प्रकरण ‘सुखदुःखविवेक’ हे आहे. ते लिहिणाऱ्याच्या जेवणाची व्यवस्था दुसऱ्याच कैद्याच्या हाती होती, हे सांगितल्याने प्रकरणाचे मोल कमी होत नाही.

शिवाय स्वतः टिळकांनी आपल्या धैर्याचे अवास्तव चित्र कधी उभे केले नाही. ७ जून १९१२ रोजी पुण्यास त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्या. तार मिळाल्यावर विद्वांसांस लिहिलेल्या पत्रात, संकटे शांतपणे सोसण्याची आपल्याला सवय असली तरी या आघाताने आपण बरेच हादरलो, अशी कबुली त्यांनी दिली आहे. अंतसमयी आपण जवळ नव्हतो याची खंतही त्या पत्रात आहे. स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर लिहून झाल्याला तेव्हा एक वर्ष लोटले होते.

सत्यभामाबाईंनाही मधुमेहच होता.

एकाच घरातील पती-पत्नींना एकच रोग; एक मंडालेस, एक पुण्यास. पतीच्या रोगाची, आहाराची, दिनक्रमाची नोंद सरकारने ठेवली, स्वयंपाक्याने सांगितली, पत्रांनी जपली. पत्नीच्या रोगाबद्दल आपल्यापाशी मृत्यूच्या तारखेपलीकडे जवळजवळ काही नाही. पती शिक्षेवर गेल्यापासून घरी राहूनही त्यांनी व्रतस्थ वृत्तीने दिवस काढले, असे चरित्रकार गौरवाने सांगतात. पण मधुमेही स्त्रीने अन्नवस्त्राविषयी असे विरक्त होणे तिच्या प्रकृतीस मानवते काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. सुखदुःखविवेक त्यांनाही करावा लागला असणार. त्यासाठी त्यांच्यापाशी आखलेला दिवस नव्हता, रांधून वाढणारे दुसरे कोणी नव्हते आणि पेन्सिलही नव्हती. मधुमेह्यांच्या मनोधैर्याचा इतिहास लिहिताना साधनांची ही विषमता प्रथम मांडली पाहिजे. आपल्याला ज्यांचा धीर दिसतो ते बहुधा ज्यांची कागदपत्रे उरली तेच असतात.

आता पुन्हा शब्दांकडे वळू. १९३६ साली हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांचे लहानसे टिपण प्रसिद्ध केल्यावर अभियांत्रिकीतला भाराचा शब्द हळूहळू मनाला लावला जाऊ लागला. मराठीत त्याला ‘ताण’ हा प्रतिशब्द रूढ झाला व तो चांगला आहे. दोरीला ताण, विणकराचा ताणा, तंबूचा तणावा या सगळ्यांची आठवण त्यात आहे. ताण सहन करून सावरण्याच्या शक्तीला मात्र आपण ‘लवचीकता’ म्हणू लागलो आहोत. तो इंग्रजी शब्द लॅटिनमधील ‘मागे उसळणे’ या अर्थाच्या धातूवरून आलेला. दाबलेली कमान सोडली की मूळ आकारास येते, हे त्यामागील चित्र. ज्याचे घर पुरात गेले व पुन्हा उभे राहिले त्याला हे चित्र शोभेल. मधुमेह्याला ते लागू पडत नाही, कारण त्याच्यावरचा दाब उठत नाही आणि मूळ आकारास परतण्याची सोय नाही. पुन्हा उसळी मारण्याचा उपदेश त्याला करणे म्हणजे न संपणाऱ्या वाटेवरील माणसाला घरी कधी पोहोचणार असे विचारणे होय.

आयुर्वेदात या बाबतीत अधिक नेमकी परिभाषा आहे. रोग साध्य, याप्य आणि असाध्य असे तीन प्रकारचे. याप्य म्हणजे जो बरा होत नाही, पण उपचार चालू आहे तोवर जो आयुष्य चालू देतो. ‘कालयापन’ या आपल्या परिचित शब्दात हाच धातू आहे. वातज म्हणून मधुमेह चरकाने असाध्यात घातला होता. इन्सुलिनने व त्यानंतरच्या औषधांनी जे केले त्याचे वर्णन या भाषेत अचूक करता येते : त्यांनी मधुमेहास असाध्यातून याप्यात आणले. रोग्याच्या मनावरचा नवा भारही येथूनच सुरू होतो. असाध्य रोग्याकडून कोणी काही अपेक्षा करीत नाही. याप्य रोग्याला मात्र रोज काही तरी करावे लागते, आणि न केल्यास दोष त्याच्याकडे येतो.

याप्याला लोकभाषेतला प्रतिशब्द शोधण्यास दूर जावे लागत नाही. ‘निभावणे’ हे क्रियापद निर्वाहाच्या कुळातले. त्यात उसळी नाही, विजयही नाही. हाती घेतलेले ओझे पोहोचेपर्यंत नेणे एवढाच अर्थ आहे. शिरवळच्या त्याच बाईंस गोळ्या, पथ्य, पायांची आग यांविषयी विचारता त्या म्हणाल्या, ‘‘निभवतोय की.’’ ‘सोसणे’ हा शब्द त्यांनी वापरला नाही, आणि ते योग्यच झाले. सोसण्यात कर्ता निष्क्रिय असतो. निभावण्यात तो काही करीत असतो. (‘सोस’ म्हणजे हाव आणि ‘सोसणे’ म्हणजे सहन करणे हे दोन शब्द मराठीत शेजारी नांदतात, ही मधुमेह्याच्या दृष्टीने भाषेने केलेली थट्टाच म्हणावयाची!) तिसरा शब्द ‘धीर’. संस्कृतात तो माणसाचे विशेषण आहे. मराठीने त्याचे नाम केले आणि त्याला देण्याघेण्याची वस्तू बनविले. आपण धीर धरतो, तसाच धीर देतो. धीर सुटतो, खचतो, येतो. तो एकाच्या अंगी कायमचा वसलेला गुण नसून माणसामाणसांत फिरणारी चीज आहे, असे मराठी भाषक नकळत मानतो.

अर्वाचीन मानसशास्त्र अलीकडे याच दिशेने आले आहे. १९३० नंतर अमेरिकेत काही मनोविकारतज्ज्ञांनी ‘मधुमेही व्यक्तिमत्त्व’ अशी कल्पना मांडून पाहिली होती. ती टिकली नाही. १९९५ साली विल्यम पोलोन्स्की व सहकारी यांनी रोग वागवण्यातून येणाऱ्या त्रासाचे मापन करणारी प्रश्नावली तयार केली. हा त्रास नैराश्याहून वेगळा धरावा, रोग्याचा थकवा, अपराधीपणाची भावना, घरच्यांची टोचणी यांची वेगळी दखल घ्यावी, असा विचार तेथून दृढ झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांची सावरण्याची शक्ती कमी त्यांच्या रक्तातील दीर्घकालीन साखर, त्रास वाढला असता, अधिक बिघडलेली आढळली. मन व साखर यांचा संबंध असा दुहेरी ठरतो : क्षोभाने स्राव बदलतात, आणि खचलेला माणूस गोळी चुकवतो, चालणे सोडतो. यांतील दुसरी वाट अधिक रुंद आहे, असे आमचे मत आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीनुसार (२०२३) देशात मधुमेह्यांची संख्या १० कोटींवर आहे, आणि त्याच्या उंबरठ्यावर असणाऱ्यांची सुमारे १३ कोटी ६० लाख. हा रोग केवळ शहरी राहिलेला नाही. शिरवळात कारखान्यांच्या पाळ्या आल्या, रात्रपाळीबरोबर जेवणाच्या वेळा गेल्या. शेतातले चालणे कमी झाले. यांतील कशाचा वाटा किती, हा वैद्यकाचा विषय. शब्दांच्या अभ्यासकाने टिपावी अशी एक गोष्ट मात्र तेथे घडली आहे. दवाखान्याच्या ओसरीवर रक्त तपासून घेण्यास आलेल्या बायका एकमेकींना ‘बरी आहेस ना’ असे विचारीत नाहीत. ‘‘किती आली?’’ असे विचारतात. कर्तापद गळून गेले आहे. ते साखर आहे हे सांगण्याची गरज उरलेली नाही, लपविण्याचीही नाही. ‘परम्या’च्या काळी असा प्रश्न चारचौघांत कोणी विचारला नसता. उत्तरादाखल आकडा सांगितला जातो, तो जास्त असला तर विचारणारी आपला त्याहून मोठा आकडा सांगते, आणि बाकावर थोडी सरकून नवागतेला जागा करून देते.